स्तनपुनर्रचनेनंतर पहिल्याच रात्री झालेला रक्तस्राव: कसा ओळखावा आणि पुढे काय सांभाळावे?

चाफेकळी (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला, वय ४४, उजव्या स्तनाचा कर्करोग झाला. अकरा दिवसांपूर्वी पुण्यातील एका रुग्णालयात तिचा स्तन काढला आणि त्याच भुलीत ओटीपोटावरची त्वचा व चरबी रक्तवाहिन्यांसह घेऊन नवा स्तन घडवला. शस्त्रक्रिया जवळजवळ नऊ तास चालली. संध्याकाळी ती शुद्धीवर आली, बोलली, पाणी मागितले, आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

रात्री अकराच्या सुमारास ती म्हणू लागली, "छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखे वाटते आहे." तिला उलटीही झाली होती. मी कर्तव्यावरच्या परिचारिकेला सांगितले. तिने ड्रेनची, म्हणजे जखमेतले रक्त व द्रव बाहेर आणणाऱ्या नळीची, डबी पाहिली. त्यात चाळीस मिलिलिटरच रक्त होते, म्हणून तिने वेदनाशामक दिले आणि सगळे ठीक असल्याचे सांगितले. दोन वाजता निवासी डॉक्टर फेरीला आले तेव्हा नवा स्तन फुगून निळसर झाला होता. पंधरा मिनिटांत तिला पुन्हा ओटीत (शस्त्रक्रियागृहात) नेले. आत साचलेल्या रक्ताच्या मोठ्या गाठी काढल्या, दोन पिशव्या रक्त द्यावे लागले, आणि सुदैवाने फ्लॅप, म्हणजे पोटावरून आणलेला तो भाग, वाचला.

आता ती साताऱ्याला घरी आहे. रक्त गोठू नये म्हणून रोज एक इंजेक्शन सुरू आहे. मेहुणे म्हणतात की ज्याने रक्तस्राव होतो तेच औषध का टोचायचे, ते बंद करू या. बहिणीच्या मनाने घेतले आहे की आपण झोपेत कूस बदलली म्हणूनच हे घडले. आणि माझ्या मनातून तो ड्रेन जात नाही. रक्तस्राव इतका होता, तर तो डबीत का दिसला नाही? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रात्रपाळी

ताई, मी एकोणीस वर्षे शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला प्रथम द्यावेसे वाटते, कारण ते मी नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवते. ड्रेनमध्ये रक्त दिसले नाही म्हणजे आत रक्तस्राव नाही, असे कधीही धरू नये. ताजे रक्त वेगाने आले की ते नळीतच गोठते, नळीची छिद्रे बुजतात, आणि डबीतील आकडा वाढण्याऐवजी थांबतो. म्हणजे ज्या क्षणी आकडा सर्वांत समाधानकारक दिसतो, त्याच क्षणी आत सर्वांत जास्त साचत असू शकते.

म्हणून मी डबी नंतर पाहते. आधी दोन्ही बाजू उघड्या करून शेजारी शेजारी पाहते, काखेपर्यंत हात फिरवते, त्वचा ताणलेली किंवा चकाकणारी आहे का ते बघते, आणि रुग्ण काय सांगते ते ऐकते. एकाच बाजूला अचानक वाढलेली सूज, औषधाला न जुमानणारे दुखणे, घट्टपणा, झपाट्याने पसरणारा काळानिळा डाग, जलद नाडी, यांपैकी काहीही असले तरी डॉक्टरांना उठवायचे. तुमच्या बहिणीने "पाटा ठेवल्यासारखे" असे सांगितले, ते अगदी नेमके वर्णन होते. त्या वाक्याची नोंद व्हायला हवी होती.

नळीत गाठ दिसली तर नळी जागेवर धरून, बोटे डबीच्या दिशेने हलके सरकवत ती मोकळी करतात. ते आम्ही तुम्हाला घरी जाण्यापूर्वी शिकवतो. परंतु छाती फुगलेली असताना नळी मोकळी करत बसण्यात वेळ घालवू नये.

सह्यकडा

मला यात सरळ निष्काळजीपणा दिसतो. तीन तास एका रुग्णाची तक्रार कुणी गांभीर्याने घेतली नाही. केसपेपरची प्रत मागून घ्या आणि लेखी तक्रार करा. आणि ज्यांच्याकडून ही चूक झाली त्यांनीच लिहून दिलेले इंजेक्शन तुम्ही डोळे मिटून का देता आहात, हेही मला समजत नाही. मेहुण्यांचे म्हणणे मला पटते.

सूक्ष्मदर्शी

मी प्लास्टिक सर्जन आहे. या रुग्णाला मी तपासलेले नाही, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण आहे, निर्णय तिच्या डॉक्टरांचाच.

आधी कूस बदलण्याविषयी, कारण ते ओझे त्या बाईंच्या मनावरून लवकर उतरायला हवे. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीमुळे रक्तदाब कमी असतो आणि अनेकदा त्वचेखाली ॲड्रेनॅलिनमिश्रित द्रव टोचलेला असतो, ज्यामुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टाके घालताना जागा कोरडी दिसते. रुग्ण जागी होते, दुखू लागते, उलटी किंवा खोकला येतो, रक्तदाब चढतो, आणि तोवर गप्प असलेली एखादी बारीक वाहिनी उघडते. म्हणूनच अशा रक्तगाठी बहुतांशी पहिल्या एकदोन दिवसांत होतात. पुन्हा ओटीत नेल्यावर अनेकदा वाहणारी एक ठरावीक वाहिनी सापडतही नाही. गाठी काढून, सलाइनने जागा धुऊन घेतली की रक्तस्राव थांबलेला आढळतो. ज्याचा उगम आम्हाला सूक्ष्मदर्शकाखालीही सापडत नाही, त्याचा दोष झोपेतल्या हालचालीला देणे योग्य नाही.

दुसरे, पोटावरचा फ्लॅप आणि इम्प्लांट (स्तनात बसवायची सिलिकॉनची कृत्रिम पिशवी) यांत एक मोठा फरक आहे. फ्लॅपमध्ये आम्ही पोटाकडची धमनी आणि शीर छातीच्या हाडालगतच्या वाहिन्यांना जोडतो. त्यांचा व्यास दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास असतो. आत रक्त साचून दाब वाढला की आधी शीर दबते, कारण तिची भिंत पातळ आणि आतला दाब कमी. रक्त आत येते, पण बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून फ्लॅप निळसर-जांभळा होतो, फुगतो, आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग नेहमीपेक्षा फार लवकर परततो. धमनी बंद पडली तर उलट चित्र दिसते: फ्लॅप फिकट, गार, आणि रंग परतायला उशीर. दोन्हींत वाट पाहत बसायचे नसते. पहिल्या दिवशी दर तासाला फ्लॅप पाहण्याची पद्धत त्यासाठीच आहे. इथे दोनला पाहून सव्वादोनला ओटीत नेले, हे त्या निवासी डॉक्टरांचे उत्तम काम आहे. अकरा ते दोनमधल्या नोंदी मात्र तुम्ही जरूर विचारा.

आता इंजेक्शन. कर्करोग, नऊ तासांची शस्त्रक्रिया आणि अंथरुणावरचे दिवस या तिन्हींमुळे पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. छातीतली रक्तगाठ आम्ही उघडून काढू शकतो. फुप्फुसातल्या गाठीसाठी तेवढा अवधीही कधी मिळत नाही. रक्तगाठ झाल्यावर हेपरिन (रक्त गोठू न देणारे हे इंजेक्शन) केव्हा पुन्हा सुरू करायचे, हा निर्णय तोलूनच घेतला जातो. मेहुण्यांची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर डॉक्टरांकडून घ्यावे. इंजेक्शन घरी परस्पर बंद करू नये. प्लेटलेटची (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींची) तपासणी कधी करायची, तेही विचारून घ्या, कारण हेपरिनमुळे क्वचित त्या उतरतात.

दुसरा_जन्म

मी कोल्हापूरची. माझी पुनर्रचना इम्प्लांटची होती, आणि माझा रक्तस्राव पहिल्या रात्री नव्हे तर नवव्या दिवशी घरी झाला. म्हणून "पहिले दोन दिवस सरले की धोका टळला" असे कुणी समजू नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

माझी कंबर दुखत होती. घरात डायक्लोफिनॅकची पट्टी होती, म्हणजे रक्तस्राव वाढवू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलच लिहून दिले होते, पण एकदोन गोळ्यांनी काय होते असे मला वाटले आणि मी तीन दिवस त्या घेतल्या. नवव्या दिवशी फडताळावरचा डबा काढायला हात वर केला. तासाभरात छाती दगडासारखी झाली. ड्रेन आदल्या दिवशीच काढला होता, त्यामुळे पाहण्यासारखे बाहेर काहीच नव्हते. रात्रीचे साडेनऊ झाले होते. "डॉक्टरांना आता कशाला त्रास द्यायचा, सकाळी बघू," असे मीच म्हणाले, जेवले आणि झोपायचा प्रयत्न केला. पहाटे तीनला आम्ही निघालो. जेवण झालेले असल्यामुळे भूल देण्यापूर्वी आणखी वाट पाहावी लागली.

गोळीमुळे झाले, की हात उचलल्यामुळे, की दोन्हींमुळे, हे मला कुणी खात्रीने सांगितले नाही. रक्त काढून, पोकळी धुऊन तेच इम्प्लांट पुन्हा बसवले. परंतु वर्षभराने त्याभोवतीचे आवरण आकसून ती बाजू कडक झाली. रक्तगाठ होऊन गेलेल्या बाजूला हे अधिक संभवते, असे माझे सर्जन म्हणाले.

ओसरी

माझ्या सुनेची हीच शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. जखम लवकर भरावी म्हणून मी तिला रोज हळदीचे दूध आणि लसूण घातलेले सार देणार होते. त्याने रक्त पातळ होते असे कुठेतरी ऐकले. हे खरे आहे का?

औषधीवन

काकू, मी आयुर्वेदाचा वैद्य आहे. स्वयंपाकात जेवढी हळद आणि लसूण जाते तेवढ्याची भीती बाळगू नका. दूधही चालेल, तरी एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला. काळजी घ्यायची ती कॅप्सूल आणि अर्काच्या रूपात मिळणाऱ्या तीव्र मात्रेची. लसूण, जिन्को, जिनसेंग, हळदीचा अर्क, माशाच्या तेलाच्या गोळ्या आणि ई जीवनसत्त्व यांपैकी जे काही ती घेत असेल, त्याची यादी भूलतज्ज्ञांना द्या. बहुतेक जण ही उत्पादने शस्त्रक्रियेच्या एकदोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. माझ्याकडचे रुग्ण ही गोष्ट सर्जनपासून लपवतात, "औषध नाही, आयुर्वेदिक आहे" म्हणून, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. जी वस्तू शरीरावर परिणाम करते ती औषधच आहे.

सूक्ष्मदर्शी यांनी शिरेतून रक्त परत न जाण्याविषयी लिहिले, त्यावरून विचारतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जळवा लावण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. आधुनिक प्लास्टिक सर्जरीतही त्या वापरतात, असे वाचले होते.

सूक्ष्मदर्शी

वापरतात. १९६० साली स्लोव्हेनियातील दोन सर्जननी फ्लॅपमध्ये साकळलेले रक्त काढण्यासाठी जळवा लावल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्या पुन्हा वैद्यकात आल्या. जळूच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही, त्यामुळे ती सुटून पडल्यावरही जागा कित्येक तास झिरपत राहते आणि फ्लॅपला श्वास घ्यायला अवसर मिळतो. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. या झिरपण्याने रुग्णाचे हिमोग्लोबिन उतरते आणि रक्त द्यावे लागू शकते. आणि जळूच्या आतड्यातील एरोमोनास जंतूंमुळे संसर्ग होतो, म्हणून सोबत प्रतिजैविक द्यावेच लागते. शिवाय आत रक्तगाठ दाबत असेल किंवा जोडलेली शीर बंद पडली असेल, तर त्यावर जळू हा उपाय नाही. तिथे ओटीच.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहते. इकडे इम्प्लांटच्या पुनर्रचनेनंतर मला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवले. घरात मी, नवरा आणि दोन ड्रेन. पहिली रात्र आम्ही भीतीतच काढली. मात्र निघताना त्यांनी एक छापील कागद दिला होता, आणि त्याने आम्हाला फार आधार दिला: ड्रेनमधला द्रव गडद लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जाणे अपेक्षित आहे, पिवळसर झालेला द्रव पुन्हा लालभडक झाला, डबी वारंवार भरू लागली, किंवा वाहणे एकदम थांबून छाती घट्ट झाली, तर ताबडतोब फोन करा. रात्रीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत होता. आमच्या सर्जनचा नियम असा होता की चोवीस तासांत तीस मिलिलिटरपेक्षा कमी, आणि असे सलग दोन दिवस आले, की ड्रेन काढायचा.

ड्रेन लोंबकळून ओढला जाऊ नये म्हणून आईने इथे आल्यावर आजीच्या जुन्या नऊवारीची दोन कप्प्यांची पिशवी शिवून दिली, गळ्यात अडकवायची. नंतर इथल्या आधारगटातल्या चार जणींनी ती मागून घेतली आणि "ग्रँडमाज सारी" असे तिचे नावच पडले. धागाकर्त्या ताई, बहिणीचा पोटाचा ड्रेन अजून असेल तर अशी पिशवी नक्की शिवा.

रक्तगट_ओ

मी रक्तपेढीत काम करते. आतापर्यंत न आलेला एक मुद्दा मांडते.

शस्त्रक्रियेपूर्वी सगळ्यांच्या प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या होतात, त्या व्यवस्थित आल्या की आपण निश्चिंत होतो. परंतु व्हॉन विलब्रँड नावाचा आनुवंशिक विकार आहे, ज्यात रक्त गोठायला लागणारा एक घटक कमी किंवा सदोष असतो, १९२६ मध्ये फिनलंडच्या एका डॉक्टरांनी त्याचे प्रथम वर्णन केले, आणि त्याच्या सौम्य प्रकारात या नेहमीच्या तपासण्या पूर्णपणे सामान्य येऊ शकतात. तो पकडायचा तर प्रश्न विचारावे लागतात. दात काढल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत रक्त येत होते का? पाळी वयात आल्यापासूनच फार जाते का? बाळंतपणात रक्त द्यावे लागले का? आई, मावशी, बहिणी यांना असे काही आहे का? आपल्याकडे "आमच्या घरात सगळ्यांचीच पाळी जास्त जाते" असे म्हणून ही माहिती घरातच राहते. डॉक्टरही कधी विचारत नाहीत.

उत्तरे होकारार्थी असतील तर वेगळी तपासणी होते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी डेस्मोप्रेसिनसारखे औषध किंवा तो घटक देता येतो. जास्त पाळीसाठी बायका घेतात ते ट्रॅनेक्झामिक ॲसिडही आता अनेक सर्जन पुनर्रचनेत शिरेतून किंवा जखमेत वापरतात. ते तयार झालेली गाठ विरघळू देत नाही. जपानमधील ओकामोटो दांपत्याने १९६२ साली त्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले होते. स्वस्त आणि जुने औषध आहे. ज्यांना पूर्वी शिरेत गाठ झाली आहे त्यांना मात्र ते जपून द्यावे लागते.

सह्यकडा

इंजेक्शनविषयीचे माझे विधान मी मागे घेतो. फुप्फुसातल्या गाठीचा मी विचार केला नव्हता. केसपेपरबाबत मात्र मी ठाम आहे. कूस बदलल्याने झाले नाही हे जितके खरे, तितकेच हेही खरे की तीन तास फ्लॅप पाहिला गेला असता तर कदाचित दोन पिशव्या रक्त लागले नसते.

रात्रपाळी

सह्यकडा, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि परिचारिका म्हणून ते वाचताना त्रासही होतो. माझ्या विभागात रात्री बत्तीस खाटांना आम्ही दोघी असतो. फ्लॅपच्या रुग्णाला पहिल्या रात्री दर तासाला पाहायचे तर तिला अतिदक्षता विभागात किंवा निदान परिचारिकेच्या टेबलासमोरच्या खाटेवर ठेवावे लागते. ताई, तक्रार करणार असाल तर त्या मुलीच्या नावाने करू नका. रात्री किती जणी होत्या आणि फ्लॅप पाहण्याचा वेगळा तक्ता खाटेला लावला होता का, हे विचारा. त्याने पुढच्या रुग्णाला उपयोग होईल.

कृष्णाकाठ

आम्हीही साताऱ्याकडचेच, वाईजवळचे. पत्नीच्या वेळी पुण्याहून सातव्या दिवशी घरी आलो. शंभरेक किलोमीटर अंतर असताना रात्री काही झाले तर काय करायचे, हे कुणी आधीच ठरवून ठेवले होते का?

सूक्ष्मदर्शी

हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. जवळच्या शहरात रात्री ओटी, भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध असलेले रुग्णालय कोणते, हे सर्जनना विचारून लिहून ठेवा. छाती अचानक फुगली तर आधी सर्जनना फोन करा, आणि चक्कर, घाम किंवा धाप असेल तर १०८ बोलवा. रुग्णाला पाठीमागे उशा देऊन अर्धवट बसवा, खायला-प्यायला काही देऊ नका, औषधांची यादी आणि ड्रेनचा तक्ता सोबत घ्या. टाक्यांतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने तिथेच दाब द्या. पण पूर्ण फ्लॅप आवळून बांधू नका, त्याने शीर दबते. शेक देऊ नका आणि बर्फही लावू नका. त्या त्वचेला संवेदना नसते, भाजले तरी कळत नाही.

चाफेकळी

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही तपासणीला जाऊन आलो. इंजेक्शनचे आणखी नऊ दिवस आहेत. पोटावर टाके असल्याने ते मांडीत द्यावे लागते, आणि ते आता मेहुणे स्वतः देतात. केसपेपरची प्रत मागितली आहे.

रक्तगट_ओ यांचे प्रश्न मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की बहिणीची अक्कलदाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त येत होते, आणि माझ्या मावशीला बाळंतपणात चार पिशव्या लागल्या होत्या. हे आम्ही शस्त्रक्रियेपूर्वी कुणालाच सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलेही नव्हते. काल ते सांगितल्यावर डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली, पण आजारपण आणि शस्त्रक्रियेच्या ताणात तो घटक तात्पुरता वाढलेला असतो, म्हणून ती काही आठवड्यांनी करायची आहे. मीही करून घेणार आहे.

एक शेवटचे विचारते. नव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला बोराएवढी कडक गाठ लागते. डॉक्टर काळजी करू नका म्हणाले, परंतु बहीण रात्री सारखा तिथे हात लावून पाहते.

सूक्ष्मदर्शी

राहिलेले थोडे रक्त घट्ट होऊन, किंवा फ्लॅपच्या कडेच्या चरबीला रक्त कमी पडून, अशी गाठ होते आणि ती विरायला महिने लागतात. ज्या स्त्रीला नुकताच कर्करोग झाला आहे तिला मात्र "काळजी करू नका" एवढे उत्तर पुरत नाही. पुढच्या भेटीत सोनोग्राफी करायला सांगा, गाठीचे माप लिहून घ्या, आणि बहिणीलाही तो पडदा पाहू द्या.